सायक्समास्तर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अमुक गोष्ट कुणी आधी केली यावर वाद निघाला की सायक्समास्तरांना बोलावणं धाडतात. धाडावं लागत नाही म्हणा. ते आलेलेच असतात. मास्तरांचं खरं आडनाव आता पोस्टमन आणि पेन्शनचं पासबुक यांच्यापुरतंच उरलंय. शाळेत जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि कर्नल विल्यम हेन्री सायक्स त्यांच्या अंगात आला.

हा सायक्स मुंबई लष्करातला. 1824 साली मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर एलफिन्स्टन यानं त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलं. माणसं आणि पिकं मोजता मोजता गडी पाखरं, लांडगे, मासे यांच्याही मागे लागला आणि ज्याला शास्त्रात नाव नव्हतं त्याला नाव देत सुटला. अखंड कलकलाट करणाऱ्या एका करड्या सातभाईला त्यानं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. “साहेबाला खूष करावं तर असं,” मास्तर म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी फ्लेक्स लावावा लागतो.

मास्तरांचा धर्म एकच, प्राधान्य. प्राण्याचं नाव आधी ज्यानं रीतसर छापलं त्याचंच चालतं, मागून येणारा कितीही मोठा असो. हाच कायदा ते पेठेला लावतात. पेठेतला सार्वजनिक आजोबा गणपती 1885 चा, टिळकांचा पुण्यातला गणेशोत्सव 1893 चा. पुण्याचा पाहुणा आला की चहाच्या आधी ही दोन सालं त्याच्या पुढ्यात येतात. दुधाच्या रांगेत “मी पिशवी ठेवून गेलेलो” म्हणणाऱ्याला मास्तर विचारतात, “छापील पुरावा?”

एक जखम मात्र भरत नाही. माळढोक. पक्षी आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा, 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं; आणि शास्त्रीय नाव कुणी दिलं? निकोलस व्हिगर्सनं! हा आयरिश गृहस्थ लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचा चिटणीस. हिमालयातले म्हणून आलेल्या पक्ष्यांत त्याला माळढोक सापडला, आणि 1831 साली बारसं उरकून मोकळा. सायक्सची दख्खनी पक्ष्यांची यादी 1832 ची.

“एका वर्षानं गेला बे! एका वर्षानं!”

त्यावर सायक्सनं काय करावं? 1839 साली इथल्याच एका माशाला व्हिगर्सचं नाव दिलं. हा मोठेपणा मास्तरांना मान्य नाही. मासळी बाजारात तो चपटा, रुपेरी मासा दिसला की ते शेपटीला धरून उचलतात आणि डोळे बारीक करून बघत राहतात.

“नका घेऊ मास्तर, लई काटे हायत त्यात.”

“असणारच. व्हिगर्स आहे तो.”

पुढे एखाद्या जातीची प्रजाती बदलली की मूळ नाव देणारा कंसात जातो, असा शास्त्राचा दंडक आहे. माळढोकाची बदलली, व्हिगर्स कंसात गेला. हे मास्तरांच्या वाचनात आलं त्या संध्याकाळी गल्लीभर शेंगापोळ्या वाटल्या गेल्या. व्हिगर्सच्या नावाच्या त्या माशाचीही प्रजाती बदलली आणि तिथं सायक्सच कंसात गेला, ते मास्तर सांगत नाहीत.

तेव्हा शुक्रवार पेठेत मास्तर भेटलेच तर माळढोकाचा विषय काढू नका. लांडग्याचा काढा. 1831 साली सायक्सनं वर्णन केलेला आपला लांडगा नान्नजच्या माळावर अजून आहे, आणि त्याच्या नावापुढे सायक्स आजही बिनकंसाचा आहे. चहा नक्की मिळेल.