नावात वाघ, वजनात दीड किलो

नागपूरला व्याघ्र राजधानी म्हणतात. त्यामुळे वाघाशी दूरचं का होईना, नातं सांगण्याची हौस इकडे सगळ्यांनाच असते. ताडोब्यात वाघ दिसला नाही, तर निदान पंजाचे ठसे दिसल्याचं सांगावं लागतं; नाही तर गेलात कशाला, असं लोक विचारतात. अशा मुलखात वाघाटी हे नाव घेऊन जगायचं म्हणजे केवढी जबाबदारी! आणि या वाघाटीचं वजन एक ते दीड किलो. घरची बोकेमंडळी तिच्यापेक्षा दुपटी-तिपटीने भरतात. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते.

दिसायला मात्र ऐट आहे. करड्या अंगावर गंजासारखे तांबूस ठिपके पाठीवरून ओळीने उतरतात, कपाळावर पांढऱ्या रेषा, डोळे चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे. या गंजामुळेच शास्त्रज्ञांनी तिला ‘रुबिजिनोसस’ म्हटलं. 1831मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंत-इलेर यांनी पुद्दुचेरीच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. म्हणजे पॅरिसच्या दप्तरात तिची नोंद गंजलेली अशी झाली आणि आपल्याकडे तिला वाघाचं आडनाव मिळालं. तिला विचारलं असतं, तर तिने दोन्ही नाकारून उंदराची चौकशी केली असती.

मौदा हा कन्हानकाठचा धानाचा तालुका. एकीकडे एनटीपीसीच्या 2,320 मेगावॉटच्या प्रकल्पाच्या चिमण्या, दुसरीकडे बांध्या, धुरे आणि तणसाचे ढीग. जिथे धान तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे ठिपक्यांच्या मांजराला घरच्यासारखं वाटणारच. समजा, कापणीच्या दिवसांत धुऱ्याच्या झुडपात असं पिल्लू दिसलं, तर पुढचा संवाद ठरलेला:

“बिबट्याचं पिल्लू हाय जी! माय इकडंच असन!”

“काहीची काही नोको सांगू, बाप्पा. वाघाटी होय थे.”

पण तोवर विळे टाकून अर्धी माणसं सडकेवर पोचलेली असतात, आणि मोबाइलवर पिल्लाच्या आईची लांबी फुटाफुटाने वाढत असते. खरी आई मात्र जवळच कुठेतरी दबून बसून ही गर्दी कधी पांगते याची वाट पाहत असते.

नावाचा घोटाळा इथेच थांबत नाही. वाघाटी नावाचा एक काटेरी वेलही आहे. आषाढी एकादशीचा उपास सोडताना, द्वादशीला त्याच्या फळांची भाजी करतात. त्यामुळे “वाघाटी पाहिली का?” असं विचारलं, तर एखादी आजी “पाहिली काय, खाल्ली!” म्हणते. वनखात्याच्या माणसाने हे ऐकलं, तर त्याने वहीच काढावी. कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही मांजर पहिल्या अनुसूचीत आहे, थेट वाघाच्या पंगतीत. तिला पाळणं, पकडणं, विकणं हा गुन्हा. पंगत तीच, पण मान तेवढा नाही: वाघासाठी पहाटे थंडीत जिप्सीत कुडकुडणारे लोक वाघाटीसाठी खिडकीही उघडत नाहीत. ती रात्री फिरते, झाडावर चढते आणि बेडूक, सरडे, पाखरं, उंदीर असं मिळेल ते खाते. प्रसिद्धीची तिची कुठेही मागणी नाही.

पश्चिम महाराष्ट्रात ती शेतशिवारात पिल्लं घालते, हे आता नीट माहीत झालं आहे. जुन्नरकडे ऊसतोडीत तिची पिल्लं सापडतात. तिथला अनुभव असा, की पिल्लं तपासून, खोक्यात ठेवून रात्री त्याच जागी ठेवली तर आई येते आणि मानगूट धरून घेऊन जाते. कळवळ्याने घरी नेऊन वाटीभर गाईचं दूध पाजणारे दयाळू लोकच तिच्यासाठी जास्त धोक्याचे. दुसरा धोका आपल्या नीटनेटकेपणाचा. धुऱ्यावरची झुडपं जाळून, तासून आणखी एक ओळ धान लावायची, की तिच्या दडणाची जागा गेलीच.

तेव्हा यंदा एखादा धुरा थोडा गबाळा राहू द्यावा. शेजारी आळशी म्हणेल. म्हणू द्यावं. त्याच्या बांधीतले उंदीर खायला त्याच धुऱ्यातून कोण येतं, हे त्याला सांगायची घाई करू नये. नाही तर रात्रीतून बिबट्याची अफवा उठेल.