'इसेन्शियल' कोण, 'डिझायरेबल' कोण?

गोव्यातल्या सरकारी नोकरीची जाहिरात उघडा. पद, पगार, पदवी, वय वाचून झालं की भाषेच्या ओळीवर थांबा. कोकणीचं ज्ञान 'इसेन्शियल'. मराठीचं ज्ञान 'डिझायरेबल'. फोंड्यातला उमेदवार ती वाचतो, दोन्ही भाषा येतात म्हणून खूश होतो आणि अर्ज भरायला बसतो. त्याच्या खुशीतली अर्धी फुकट आहे.

कारण 'इसेन्शियल' नसेल तर अर्ज बाद होतो. 'डिझायरेबल' नसेल तर कुणाचंच अडत नाही.

बरं, असेल तर? किती गुण वाढतात? दोघे बरोबरीला आले तर मराठी येणारा पुढे जातो का? ती ओळ यातलं काहीच सांगत नाही. शाळेत मास्तर 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'मधला फरक घोटून घेतात. चुकलं तर एक गुण जातो. इथे फरक कळला नाही तर नोकरी जाते.

'इसेन्शियल' आणि 'डिझायरेबल' हे शब्द आकाशातून पडलेले नाहीत. त्यांचं मूळ 4 फेब्रुवारी 1987 रोजी विधानसभेने संमत केलेल्या राजभाषा कायद्यात आहे. गोवा तेव्हा घटक राज्यही नव्हतं. तो दर्जा त्याच वर्षी 30 मे रोजी आला. देवनागरीतली कोकणी 'ऑफिशियल लँग्वेज' ठरली आणि मराठीचा वापर 'ऑफिशियल पर्पजेस'साठी करता येईल, अशी तरतूद झाली. विशेषण तेच, पुढचं नाम वेगळं. एकीला पद मिळालं, दुसरीला काम.

पद नसलेल्याला काम देतो कोण?

आणि त्या तरतुदीतलं 'ऑल ऑर एनी' बघा. सगळ्या किंवा कोणत्याही कामांसाठी. 'ऑल' वाचून मराठीवाला सुखावतो, 'एनी' वाचून अधिकारी. त्या दोन शब्दांच्या मधे किती जागा आहे ते ज्याच्या टेबलावर फाइल पडलीय तो ठरवतो.

शब्दांनी गोव्याचं भवितव्य ठरवण्याची ही पहिली वेळ नव्हे. 16 जानेवारी 1967 रोजी इथे मतदान झालं, त्याचं कायद्यातलं नाव 'ओपिनियन पोल'. आजच्या पोराला विचारा, तो म्हणेल निवडणुकीआधी टीव्हीवर दाखवतात ते. त्या दिवशी 1,72,191 लोकांनी वेगळं राहण्याच्या बाजूने मत दिलं, 1,38,170 लोकांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या. बाकीचं जग याला 'रेफरेन्डम' म्हणतं. नावात नुसतं मत होतं, हातात आला तो निकाल.

आता आणखी एक जोडी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण 'क्लासिकल' भाषेच्या वयाबद्दल आणि तिच्या जुन्या साहित्याबद्दल बोलतं. 'ऑफिशियल' कचेरीतल्या अर्जाबद्दल. पहिल्याच्या पेढ्यांनी दुसऱ्याची भूक भागत नाही.

'नॅशनल' आणि 'ऑफिशियल'चा घोळ तर देशभर आहे. हिंदी राष्ट्रभाषा, असं पदवीधरही ठासून सांगतात. घटनेच्या 343व्या कलमात ती संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाहीच. मग वाद घालण्याआधी कलम वाचायला काय हरकत आहे?

एक सांगून ठेवतो. हे कोकणीविरुद्ध नाही. आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, कोकणी चुलीपाशी आहे आणि मराठी भजनात, जत्रेच्या नाटकात, सकाळच्या वर्तमानपत्रात. पेडण्यात, डिचोलीत वेगळं काय आहे? पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत शिकलेल्यांची नातवंडं आता अर्ज भरताहेत. कोकणीला मिळालं ते तिच्या हक्काचं. मराठीला काय मिळालं, एवढंच स्पष्ट करा.

स्पष्ट करणं अवघड आहे का? जाहिरातीत 'डिझायरेबल'समोर एक आकडा लिहा. दोन गुण, पाच गुण, शून्य. शून्य असेल तर शून्य लिहा. उमेदवाराला खरं कळेल आणि पुढाऱ्यांना भाषणात 'मराठीला समान स्थान' म्हणताना तो आकडा समोर दिसेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीतच उत्तर द्यायचं, हे गोवा सरकारचं धोरण आहे. धोरण वापरलं नाही तर ते कागदावरच झोपतं. तेव्हा येत्या सोमवारी तुमचं जे काम मामलेदार कचेरीत अडलंय, त्याचा अर्ज शुद्ध मराठीत लिहा, नेऊन द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.