आधी बोटं मोजावीत

जुना टेबल सॉ विकत घ्यायला गेलेला माणूस पात्याचे दाते मोजतो. मी आधी विकणाऱ्याची बोटं मोजतो. दहा भरली तर पुढचं बोलणं. साडेनऊ भरली तर मशीन वाईटच असेल असं नाही, पण ‘का विकताय?’ हे विचारायचे कष्ट वाचतात.

आता कोणी म्हणेल, निवृत्त माणसाला बिडाच्या टेबलातून वर डोकावणारं बारा इंची गोल पातं हवंय कशाला? आमच्या घरातही सगळे हेच म्हणाले. पण ज्याने हातकरवतीने सहा फुटी सागाची फळी उभी चिरली आहे, आणि करवतीचा काप पेन्सिलीच्या रेघेशी फारकत घेऊन भलतीकडेच नांदायला गेलेला पाहिला आहे, तो असं विचारणार नाही.

अशा मशिनी सध्या बऱ्याच निघतात. त्याचं श्रेय मॉड्युलर किचनला. पूर्वी पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साग आणायचा, कारखान्यात चिरायचा, रंधायचा, असा फर्निचरवाल्याचा रिवाज होता. आता लॅमिनेट चिकटवूनच आलेले आठ बाय चारचे बोर्ड मोठ्या पॅनेल सॉवर कापले जातात. बटाल्याला किंवा राजकोटला घडलेली जुनी जड मशीन मग कोपऱ्यात जाते, तिच्यावर रंगाचे डबे चढतात, आणि एके दिवशी मालक भंगारवाल्याला बोलावतो. आपली खरी स्पर्धा या भंगारवाल्याशी. तो किलोवर भाव देतो, रोख देतो आणि बोलत नाही. आपण मात्र मालकाच्या वडिलांनी ही मशीन कशी आणली ते बसून ऐकतो. चहा होतो. भाव वाढतो.

जुन्या बाजारातही चक्कर मारावी. बुधवारी आणि रविवारी तिथे मशिनीचे सगळे अवयव मिळतात. ते एकाच मशिनीचे असावेत असा आग्रह धरू नये.

माझं ठाम मत आहे की मशीन गंजलेली घ्यावी, रंगवलेली घेऊ नये. टेबलावरचा गंज दिसतो तेवढाच असतो. डिझेल, घासकागद आणि बळकट खांदे असले की उतरतो. शिवाय तो बाकीच्या गिऱ्हाइकांना परस्पर पळवून लावतो, हा त्याचा उपकारच. ताजा हिरवा रंग मात्र काहीतरी झाकायला लावलेला असतो. बहुधा तडा. बिडाचा तडा सहजासहजी सांधता येत नाही. म्हणून पाना घेऊन टेबल ठिकठिकाणी हलकेच वाजवावं. खणखणीत बोललं तर ठीक, बद्द बोललं तर चहा पिऊन निघावं.

मी आमच्या मिस्त्रींना बरोबर नेतो. ते पट्टा उतरवतात, पुली हाताने फिरवतात आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावतात. खरखर ऐकू आली की त्यांचा चेहरा पडतो आणि मालकाचा त्याहून जास्त. खरं तर बेअरिंगला घाबरायचं कारण नाही. त्याच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, तो दुकानात सांगितला की नवं मिळतं. भ्यायचं ते शाफ्टला. पातं हाताने धरून वरखाली हलवायचं. बेअरिंग ठीक असूनही ते डुलत असेल, तर शाफ्ट झिजला. तो लेथवर नवा करून घ्यायचा म्हणजे मशीन एकाची आणि शाफ्टची वरात आपली. पण मिस्त्री हे सगळं मालकासमोर सांगत नाहीत. नुसतं ‘साहेब, बघा बुवा’ म्हणतात. त्या तीन शब्दांनी भाव जेवढा उतरतो, तेवढा माझ्या अर्ध्या तासाच्या वाटाघाटीने उतरत नाही.

घरी आल्यावर कळतं की कारखान्याची मोटर थ्री-फेज आणि आपलं घर सिंगल-फेज. खरं म्हणजे हे आधीच कळलेलं असतं, पण त्या वेळी मन गंजाच्या प्रेमात असतं. मोटर बदलावी लागते. दोन हॉर्सपॉवरची सिंगल-फेज मोटर सुरू होताना चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. आमच्याकडे पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दिवे मंदावले आणि एमसीबी पडला. वरच्या मजल्यावर आईच्या मालिकेत सून नेमकी कोणाचं तरी नाव सांगणार होती. ते नाव अजून आमच्या घरात कळलेलं नाही आणि त्याबद्दल मला रोज विचारलं जातं.

मग येतं सरळ करण्याचं काम. पातं टेबलातल्या खाचेला तंतोतंत समांतर हवं. त्यासाठी एका दाताला मार्करने खूण करायची, पुढच्या बाजूला खाचेपासून त्याचं अंतर मोजायचं, मग पातं फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. तोच दात का, तर पात्याचा स्वतःचा वाकडेपणा हिशेबात येऊ नये म्हणून. मागे अर्धा मिलिमीटर जास्त निघतं. बोल्ट सैल करायचे, लाकडी हातोडीने चापट मारायची, बोल्ट आवळायचे. आवळताना ते पुन्हा अर्धा मिलिमीटर सरकतं, आता उलट्या बाजूला. मिस्त्री सुतात मोजणारे, इंचाचे आठ सूत, त्यापुढचं सगळं देवाच्या हातात. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी फरशीवर आडवा पडलेला बघून त्यांनी आमच्या हिला हळूच विचारलं, ‘साहेबांची तब्येत बरी आहे ना?’

बरी ठेवायची म्हणूनच तर हे सगळं. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, पुली ते दुप्पट करते. बारा इंची पात्याचा दात म्हणजे ताशी सुमारे 165 किलोमीटरने धावतो. पुण्यात एवढा वेग दुसऱ्या कुठल्याही वाहनाला गाठता येत नाही. पात्याचे मागचे दाते खालून वर येतात. फळी तिथे चिमटली की ते तिला उचलतात आणि थेट आपल्या पोटाकडे भिरकावतात. त्यावर उपाय म्हणून पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी असावी लागते, चिरलेली फट मिटू न देणारी. जुन्या मशिनींवर ती एकतर नसते किंवा कोणीतरी ‘मध्ये येते’ म्हणून काढलेली असते. ती आधी बसवून घ्यावी, पात्याच्या रेषेत उभं राहू नये आणि हातमोजे मुळीच घालू नयेत. मोज्याचा धागा सापडला की मागोमाग हात जातो.

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या वकिलाने बोट लागताच पाच मिलिसेकंदांच्या आत थांबणारं पातं काढलं. 2004 पासून तशा मशिनी विकल्या जातात. प्रात्यक्षिकात पात्याला सॉसेज लावून दाखवतात. पातं थांबतं, सॉसेजला जेमतेम ओरखडा. आमच्या शाकाहारी घरात पडवळावर भागवावं लागलं असतं. पण माझी बटाल्याची म्हातारी पडवळ, सॉसेज आणि बोट यांत काडीचाही भेदभाव करत नाही, त्यामुळे प्रात्यक्षिक रद्द.

पावसाळा हा स्वतंत्र छळ. जुलैत टेबलावर रात्रभर भुसा राहिला तरी सकाळी त्याखाली तांबूस नकाशा उमटतो. भुसा ओल धरून ठेवतो. म्हणून काम झालं की झाडायचं, टेबलावर मेणबत्ती घासायची, फडक्याने चोळायचं. गंज थांबतो आणि फळीही सुळकन सरकते. त्यावर एक गोधडी. ही गोधडी कोणाची होती यावरून घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्याविरुद्ध आहेत.

या मशिनीवर आजवर काय काय झालं? फळी ढकलायची काठी झाली. आडव्या कापासाठी सरकती चौकट झाली. पाती ठेवायचं कपाट झालं आणि मशिनीखाली चाकांचा पाट झाला. स्कूटर बाहेर पावसात उभी असते, तिच्यासाठीही काहीतरी करायचं मनात आहे. मध्ये आई म्हणाली, ‘मशिनीला पाट केलास, मला कधी करतोस?’ तेव्हा जाड सागाची फळी काढली. दोन्ही कडा आरशासारख्या निघाल्या, गुण्या लावला तर उजेडाची फट नाही. खाली दोन आडव्या पट्ट्या मारून पाट देवघरापुढे ठेवला. तो किंचित डगमगला. मी टॉर्च आणि मोजपट्टी आणायला उठलो.

‘राहू दे रे,’ आई त्याच्यावर टेकत म्हणाली, ‘मी काय त्याच्यावर नाचणार आहे?’