धूमकेतूची वाट कशाला?

लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल यांच्या ‘ल्युसिफर्स हॅमर’ (१९७७) या कादंबरीत धूमकेतू आदळतो, कॅलिफोर्नियाचं खोरं पाण्याखाली जातं आणि वाचलेली शहाणी माणसं अणुवीज केंद्रासाठी जिवावर उदार होतात. विरोधक कोण? नरभक्षक! वादच मिटला.

कॅनडातून अमेरिकेत तेल आणण्यासाठी आखलेल्या कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या समर्थकांचं नशीब एवढं थोर नव्हतं. नेब्रास्कातले विरोधक मका पिकवणारे निघाले, आणि वर भूजलाचं काय, म्हणून विचारू लागले. पुढे २०१५ मध्ये ओबामांचा नकार, २०१७ मध्ये ट्रम्प यांचा होकार, २०२१ मध्ये बायडन यांचा पुन्हा नकार. जगबुडीनंतर एकमत चटकन होतं. जग शाबूत असलं की पंचाईत.

२०२२ च्या डिसेंबरात जुनी कीस्टोन वाहिनी फुटून कॅन्ससच्या ओढ्यात तेल गेलं. त्यासाठी धूमकेतू लागला नाही.