कडी आणि आप्पा

धानोऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराला आतून कडी आहे. चांगली जाड, लोखंडी, नंदुरबारच्या बाजारातून मी स्वतः आणलेली. सुताराला मात्र आप्पांनी बोलावलं, भोक कुठे पाडायचं तेही त्यांनीच दाखवलं. सुतार हत्यारं आवरत होता तेवढ्यात त्यांनी फटीतून दोन बोटं घातली आणि कडी बाहेरून कशी सरकते याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. "रातबेरात आत अडकनात तर?" म्हणाले. सुतारही कौतुकानं बघत होता.

आप्पा म्हणजे आमचे घरमालक. नाव लिहीत नाही. खानदेशात कुठल्याही गल्लीत 'आप्पा' अशी हाक मारा, दोघे तरी वळून बघतील. त्यातला जो न बघता थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरेल, तो आमचा.

माणूस तसा रीतीभातीचा. चपला ओट्यावर काढल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. पंचाईत इथेच आहे. अनवाणी माणसाच्या पावलांचा आवाज येत नाही. बदली होऊन आम्ही साताऱ्याकडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तोंडात ब्रश घेऊन मोरीत उभा होतो आणि बायको भाजीला फोडणी देत होती. मागून आवाज आला, "काय चाली ऱ्हायनं?" बायकोच्या हातातली मोहरी जमिनीवर. आप्पांनी शांतपणे झाकण उचललं, वास घेतला, झाकण ठेवलं आणि मोटर चालू करायला गेले. मोटरचं बटण मोरीच्या भिंतीवर आहे. मी ब्रश काढून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

आप्पांना कारणांचा तुटवडा कधी पडला नाही. विजेचा मीटर बघायचा असतो. माळ्यावर त्यांची पिंपं आहेत. पलीकडच्या कोनाड्यात त्यांच्या वडिलांचा फोटो आहे, त्याला दर गुरुवारी हार असतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे गच्चीचा जिना. घर बांधताना तो माजघरातून काढलेला. नंदुरबारच्या बाजारात येणारी लाल मिरची गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळते, मैदानंच्या मैदानं लाल होतात, हे बघायला लोक मुद्दाम थांबतात. आप्पांची पथारी आमच्या डोक्यावर. हिवाळाभर ते दिवसातून तीनदा मिरच्या उलटायला वर जातात आणि खाली येताना तो ठसका अंगावर घेऊन येतात. खरं सांगायचं तर आप्पांच्या येण्याची पूर्वसूचना आम्हाला वर्षातून तेवढे दोन-तीन महिनेच मिळते. जिन्यावरून खाट् खाट् शिंका ऐकू आल्या की मी बनियनवर शर्ट चढवतो.

श्रावणात तर कमालच झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. आप्पांच्या घराण्याची कानबाई आजोबांच्या काळापासून एकाच जागी बसत आलेली, आणि ती जागा आमच्या कपाटाखाली निघाली. शनिवारी चार पुतणे आले. कपाट हललं, पलंग उभा राहिला, आमचा टीव्ही उलटा होऊन भिंतीकडे तोंड करून बसला. रविवारी रात्रभर चाळीसेक माणसं, गाणी, टाळ्या. बायकोही मधे बसून टाळ्या वाजवत होती. सोमवारी मिरवणुकीनं विसर्जन झालं आणि प्रसादाचे रोट निघाले. पण कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा असतो, परक्याला देत नाहीत. आमच्याच घरात, आमच्याच ताटल्यांत रोट वाढला जात होता आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून वास घेत होतो. वर्षभर आम्हाला घरचे समजणाऱ्या आप्पांनी नेमक्या त्या दिवशी आम्हाला परकं ठरवलं. खरं तर मला तो अपमान कडीपेक्षा जास्त लागला.

आता, रागावावं तर तशी सोयही आप्पा ठेवत नाहीत. मी शिक्षक. आम्हा लोकांना मुख्यालयी राहावं लागतं आणि घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव लागतो. सभेत कोणीतरी शंका काढली, की गुरुजी खरंच गावात राहतात का, का नंदुरबारहून येजा करतात? आप्पा उठले. गुरुजी सकाळी किती वाजता उठतात, कुठल्या कुशीवर झोपतात, ब्रशवर पेस्ट किती घेतात, रात्री भाकरी किती खातात, सगळं त्यांनी सांगितलं. एवढा भक्कम पुरावा सभेपुढे कधी आला नसावा. ठराव एकमताने मंजूर. मी मान खाली घालून बसलो होतो.

तरी एकदा धीर केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं पुस्तक आणलं आणि आप्पांना ओट्यावर बसवून कलम 28 वाचून दाखवलं: मालकाला जागा बघण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि भाडेकरूला आधी नोटीस देऊन. (हा कायदा ज्या क्षेत्रांना लागू आहे त्यांची यादी मागे परिशिष्टांत आहे. तिच्यात धानोरा शोधायचं मी टाळलं.) शिवाय केंद्रानं 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरू कायदाही सांगितला. त्यात तर चोवीस तास आधी कळवायचं, कारण सांगायचं, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर पाऊल ठेवायचं नाही. मोबाइलवर कळवलं तरी चालतं.

आप्पांनी चष्मा लावून पान स्वतः वाचलं. दोनदा. मग माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, कीव केल्यासारखं. "गुर्जी, आपला घरमा येऊ का म्हनीसन कोन इचारस?" त्या 'आपला'चा अर्थ त्यांचा एकट्याचा, की त्यांचा आणि आमचा मिळून, हे मला आजवर कळलेलं नाही. अहिराणीत विचारायचं धाडस झालं नाही. मी फक्त म्हणालो, "आप्पा, कायदा आहे." कायद्याला मात्र ते मानतात. पान दुमडून, मान हलवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी आलं नाही. मोटर चालू झाली नाही, टाकी रिकामी, मी तांब्याभर पाण्यात उरकलं. पण बायकोनं सकाळी सकाळी सगळ्या घरात मोकळेपणानं फिरून घेतलं. दुपारीही शांतता.

रात्री साडेनऊला आम्ही जेवत होतो. कडी लावलेली होती. फटीतून दोन बोटं आली, कडी सरकली, आणि आप्पा ताटांपर्यंत येऊन उभे राहिले.

"सकाय येसू, गुर्जी. मिरच्या उलटावाले."

"बरं," मी म्हणालो. "पण आप्पा, आत्ता?"

"आत्ते नोटीस देवाले उनू."

बायकोनं त्यांना पाट दिला. त्यांनी वरणाची वाटी वाकून बघितली, मीठ कमी आहे म्हणाले, आणि गेले.

तेव्हापासून ते शब्द पाळतात. सकाळी येण्याची नोटीस रात्री, संध्याकाळी येण्याची दुपारी. मिरच्यांच्या दिवसांत तीन फेऱ्या आणि तीन नोटिसा. परवा कडीला तेल घालतानाही दिसले, करकरते म्हणून. बायकोनं कायद्याचं पुस्तक माळ्यावर आप्पांच्या पिंपांमागे टाकलंय. ते काढायचं तर आप्पांनाच बोलवावं लागेल.