उतराकाका

"जरा उतरता का?" हे वाक्य वरंधा घाटात एसटीच्या कंडक्टरने म्हणावं, किंवा चढावर दम टाकलेल्या रिक्षाच्या मालकाने. दहा लाखांच्या गाडीत पट्टा लावून, मांडीवर आहेराचं पाकीट धरून बसलेल्या माणसाला कोणी ते म्हणू नये. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात. इतक्या अदबीने आणि इतक्या ठिकाणी म्हणतात, की पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी त्यांचं दुसरं बारसं केलं: उतराकाका. तुमच्याकडेही एखादा असेलच. रविवारी सकाळी बोनेट वर, हातात टॉर्च, आणि कचऱ्याची बादली घेऊन निघालेल्या माणसाला थांबवून टर्बो समजावणारा. तेच ते.

गेल्या वैशाखात कोथरूडहून सिंहगड रस्त्यावरच्या एका लग्नाला त्यांनी आम्हा चौघांना नेलं. पहिला गतिरोधक सोसायटीच्या फाटकातच. "जरा उतरता का?" उतरलो. दुसरा शाळेसमोर. उतरलो. तिसऱ्याला त्यांनी बसूच दिलं नाही. "पुढे लगेच आणखी एक आहे, तेव्हा चालतच या." तेव्हा दृश्य असं: पुढे झब्बे आणि पांढऱ्या टोप्या घातलेले चौघे मान खाली घालून चाललेत, मागे पावलाच्या गतीने, दोन्ही बाजूंचे दिवे मिचकावत गाडी येतेय. रस्त्याकडेच्या एका आजोबांनी चपला काढून हात जोडले. आमच्यातल्या एकाने परत नमस्कार केला, त्यामुळे ते जास्तच गोंधळले. मुहूर्त अर्थातच हुकला. पंगत सापडली.

उतरवण्यातही शास्त्र आहे. सोसायटीतल्या प्रत्येकाचं वजन त्यांना पाठ आहे. "तुम्ही ब्याऐंशी ना? मग तुम्ही उतरा. वहिनी बसू देत." आमची ही एकदा राणीसारखी गाडीत बसून राहिली, मी फाटकापर्यंत चालत गेलो, आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्या जेवणातला भात कमी झाला. त्यांच्या आईंना मात्र ते एकदाच म्हणाले, "आई, जरा उतरतेस का?" म्हातारी जागची हलली नाही. "मी नऊ महिने तुला कुठे उतरवलं होतं?" गाडी घासली. त्या आवाजाने उतराकाकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून मी तरी नजर वळवली.

गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. तिला हॅचबॅक म्हणालात तर ते ऐकून घेतात, पण तुमच्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलत नाहीत. ती स्पोर्ट्स कार. २०१५ मध्ये आली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. नाकावर विंचू आहे, कारण कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचा. आणि ही इटालियन विंचवाची गाडी बनली कुठे, तर रांजणगावच्या कारखान्यात, महागणपतीच्या शेजारी. आई तिला 'विंचवाची गाडी' म्हणतात आणि बसण्यापूर्वी गणपतीचं नाव घेतात.

मूळ गाडी जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंच. हे काही फार नाही, पण चार माणसं बसवून कोथरूडमधून बाहेर पडता येतं. उतराकाकांना ती वळणावर कलते असं वाटलं. कुठल्या वळणावर, हे मी विचारलं नाही. आमच्या भागात वळणावर आधी भाजीवाला असतो, मग गाय, मग वळण. तरी ती कलत होती. म्हणून ठेंगण्या आणि ताठ जर्मन स्प्रिंगा घालायचं ठरलं. आयबाख, बिल्स्टाइन, केडब्ल्यू, स्वीडनचे ओलिन्स ही नावं ते अशी घेत, की नव्या माणसाला घराण्यातले गवई वाटावेत. निवड दीड वर्ष चालली, कारण ती नुसती स्प्रिंगची नव्हती, स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बरची पत्रिका जुळवण्याची होती. शॉकचं काम दबलेल्या स्प्रिंगला उसळू न देण्याचं. कंपनीचे शॉक कंपनीच्या मऊ स्प्रिंगांसाठी बेतलेले. त्यांच्या गळ्यात ताठ स्प्रिंग बांधली की गाडी वळणावर शहाणी आणि खड्ड्यात वेडी होते. शिवाय ठेंगणी गाडी आधीच खाली बसलेली, तेव्हा जराशा धक्क्याने शॉक तळाच्या रबरावर आपटतो आणि तो धक्का थेट तुमच्या मणक्यात जातो. उंची वर-खाली करता येणारे कॉइलओव्हरही मिळतात हे कळल्यावर सोसायटीत आशा पल्लवित झाली. लग्नाच्या दिवशी तरी गाडी वर घेतील! "सेटिंग एकदा लागलं की हलवायचं नसतं," उतराकाका म्हणाले. आशा संपली.

शेवटी श्टुटगार्टचा भाचा दिवाळीला येताना चार स्प्रिंगा घेऊन आला. तेवीस किलोच्या सामानात. त्याने मावशीसाठी घेतलेलं पातेलं, आजीसाठी घेतलेली गरम चादर आणि पोरांची चॉकलेटं तिकडेच राहिली. उतराकाकांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, भाच्याशी बोलतात, स्प्रिंगांशी नाही.

आता हिशेब बघा, हा त्यांचाच आहे, कागदावर करून दाखवतात. १५५ वजा ३० स्प्रिंगांचे, राहिले १२५. मागे दोन धष्टपुष्ट माणसं बसली की आणखी २५ गेले. उरले १००. आणि गतिरोधकाची अधिकृत उंची किती? बरोबर १००. "म्हणजे तुम्ही नाही उतरलात तर शून्य," असं म्हणून ते पेनाचं टोपण लावतात.

अधिकृत उंचीचं प्रकरण वार्षिक सभेत गेलं. विषय पाण्याच्या टँकरच्या बिलाचा होता. उतराकाका मोजपट्टी घेऊन उभे राहिले. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने आलेली गाडी त्यावर अलगद चढते आणि उतरते, कारण तो गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद असतो. पुंटोचं ते अंतर अडीच मीटर. आमच्या फाटकातला गतिरोधक प्लंबिंगच्या कामातून उरलेल्या सिमेंटचा आहे आणि गवंड्याने तो मन लावून केलाय. रुंदी हातभर, उंची पायरीएवढी. पुढची चाकं ओलांडतात, मागची अजून यायची असतात, आणि मधलं पोट त्यावर टेकतं. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे तुमच्या गाडीसाठी रस्ता बदलायचा?" "रस्ता नियमात आणायचा," उतराकाका म्हणाले. तेव्हा पाचव्या मजल्यावरचे वकील शांतपणे उठले. नियमाचंच निघालंय तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाला येईल तसा फरक करायचा नाही. उतराकाका खाली बसले. दोघंही बरोबर होते असं माझं मत. गवंड्याला मात्र अजून कोणी कुठलं कलम लावलेलं नाही, आणि शहरभर त्याचीच कामं उभी आहेत.

सस्पेन्शन लोकांना पाठीतून कळतं. एअर फिल्टरचं तसं नाही, तो समजावून सांगावा लागतो, आणि हीच उतराकाकांची आवडती अडचण. दुधाच्या रांगेत सुरुवात होते. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे नऊ हजार लिटर हवा! (आणि ती कर्वे रस्त्यावरची, हे माझं.) त्यात पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, इथली हवा विरळ. साधं इंजिन धापा टाकतं, टर्बो तीच हवा दाबून भरतो. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने त्याचं पेटंट घेतलं. एव्हाना दूध संपलेलं असतं.

फिल्टर चार जातींचे. कंपनीचा कागदी. तेल लावलेला सुती, जो धुऊन पुन्हा वापरायचा. फोमचा. आणि उघडा शंकू, ज्याला डबाच नसतो. सुतीत हवा मोकळी येते, पण तेलाचा हात सढळ झाला तर काही गाड्यांत ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं. शंकूत हवा सगळ्यात मोकळी, पण ती बोनेटखालची, इंजिनाने तापवलेली. तापलेली हवा पुन्हा विरळ, म्हणजे टर्बोने कमवायचं आणि शंकूने उधळायचं. हे सगळं मला त्यांनीच शिकवलंय. गॅरेजवाला तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "साहेब, पुण्याच्या धुळीला कागदच बरा." टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, त्यावर रेतीचा कण आदळला तर काय होतं हे उतराकाका डोळे मिटून सांगतात. आणि इतकं जाणून त्यांनी बसवला शंकूच.

कारण आवाज. भरधाव असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दाबलेल्या हवेला जायला जागा उरत नाही, झडप उघडते आणि ती हवा मागे सोडते: फस्स. कागदी फिल्टरच्या बंद डब्यात हा आवाज कोंडून राहतो, शंकूत तो ऐकू येतो. एवढ्यासाठी सगळं. फक्त भरधाव असण्याची सोय आमच्याकडे नाही. म्हणून महिन्यातून एखाद्या पहाटे, शहर झोपेत असताना, ते चांदणी चौकापलीकडे जातात आणि परत येतात. वहिनी गॅलरीतून विचारतात, "झालं का फस्स? मग वर या, चहा टाकलाय." इतका तृप्त माणूस मी काकड आरतीहून परतणाऱ्यांतही पाहिलेला नाही.

एरवी सोसायटीतली सगळ्यात वेगवान गाडी सगळ्यात उशिरा पोचते. माझी जुनी स्कूटर त्यांना रोज मागे टाकते, तेव्हा ते काचेतून हात हलवतात. त्यांच्याकडे एक वही आहे. कोथरूड ते हडपसर, प्रत्येक गतिरोधक, खचलेलं ड्रेनेजचं झाकण, केबलवाल्यांनी खणून अर्धवट बुजवलेला चर, सगळं त्यात आहे. समोर खुणा: 'स', म्हणजे सरळ. 'ति', म्हणजे तिरकं घ्यायचं. 'उ१', 'उ२', 'उ४', म्हणजे किती माणसं उतरवायची. दर पावसाळ्यानंतर वही सुधारली जाते. महापालिकेकडे अशी वही असती तर एव्हाना तिच्यासाठी समिती नेमली गेली असती.

या वहीची मी यथेच्छ थट्टा केली. मग गेल्या श्रावणात त्यांच्या आई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया झाली, घरी आणायचा दिवस ठरला. त्या सकाळी पार्किंगमध्ये पोरांचा मोठा प्लास्टिकचा चेंडू विंचवाच्या गाडीखाली गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. पोरं खेळ थांबवून बघत राहिली. तो चेंडू आजवर नेहमी अडकायचा, काठीने काढावा लागायचा.

जर्मन स्प्रिंगा उतरल्या होत्या. रांजणगावच्या परत चढल्या होत्या. उतराकाकांनी कोणाला सांगितलं नाही, आणि इतका बोलका माणूस गप्प आहे म्हटल्यावर आम्हीही विचारलं नाही. इस्पितळ चार किलोमीटरवर. ते अकरा किलोमीटर फिरून आले. वहीतून निवडलेले रस्ते, एकही 'उ' नसलेले, आणि दोन गल्ल्या अशा की ज्या इथे जन्म काढलेल्यांना ठाऊक नव्हत्या. फाटकात मात्र इलाज नव्हता. तिथे ते स्वतः उतरले, पोरांकडून दोन फळ्या लावून घेतल्या, आणि गाडी मुंगीच्या पावलाने आत घेतली. आईंना एक हिसका बसला नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. इंजिनावर भार नको म्हणून उतराकाका ए.सी. लावत नाहीत. "इंजिनाला एवढी गाळून हवा देतोस," म्हातारी म्हणाली, "आणि मला खिडकीतली?" त्या आठवड्यात शंकूही गेला. कागद आला, ए.सी. चालू झाला.

स्प्रिंगा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आहेत. वहिनींनी भंगारवाल्याला विचारून ठेवलंय. उतराकाकांनी भंगारवाल्याला वेगळं गाठून किंमत पाडायला सांगितलीय.

त्या दिवसापासून सोसायटीत कोणाची पाठ धरली, कोणाचे टाके ओले असले, की रुग्णवाहिकेच्या आधी त्यांना फोन जातो. ते नाही म्हणत नाहीत. का म्हणतील? टाके असलेल्या माणसाला पळता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीणही त्यांच्याच गाडीतून घरी आली. चार दिवसांच्या त्या मुलाला वाटेत ब्यूखीचं पेटंट, शंकूचे तोटे आणि १४.७ किलो हवा असं सगळं सांगून झालं. कसबा ओलांडल्यावर बापाने धीर करून विचारलं, "काका, जरा हळू बोलाल का? बाळ झोपलंय."

"झोपलेलं नाही," उतराकाका आरशात बघून म्हणाले. "ऐकतंय."