भावी डॉक्टर

चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला सगळं सोलापूर नसलं तरी निम्मी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणते. २०१९ मध्ये पीएचडीला नाव नोंदवलं, त्या संध्याकाळी त्याने कट्ट्यावर सगळ्यांना भजी चारली आणि नाव चिकटलं. बाकीचे डॉक्टर फी घेतात, हा भरतो.

विषय जुन्या गिरणीतल्या कामगारांचा. गिरणी सोलापूरची, पण कागद पुण्यात. म्हणून पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची, पुण्यात पोचल्यावर ‘ते रजिस्टर बायंडिंगला गेलंय’ हे ऐकायचं आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परतायचं. डब्यातल्या चहावाल्याला त्याची प्रकरणवार मांडणी पाठ आहे.

जेआरएफची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. ती मिळालेल्या मित्राला आता महिन्याला ३७ हजार येतात. तो भेटला की चहाचे पैसे मात्र हाच देतो, हट्टाने. स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन कधी होईल हे सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

‘आमचे गाईड एक रुपया घेत नाहीत,’ हे तो छाती काढून सांगतो. खरंच घेत नाहीत. फक्त मॅडमना शेंगाचटणी आवडते, ती किलोने. सरांना थंडी सोसत नाही, म्हणून चादर. मग सरांच्या मेव्हण्यालाही सोसत नाही असं कळलं. सध्या सरांच्या मुलीसाठी स्थळं बघताहेत आणि याची झोप उडाली आहे. चादरी आहेराला द्यायची पद्धत आपल्याकडे आहेच.

प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, असा नियम. याने पैसे मोजून एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात छापून घेतला. त्यात आडनावच चुकलं. दुरुस्तीचे वेगळे पैसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीची नवी नियमावली आली आणि नव्याने नाव नोंदवणाऱ्यांना ती सक्ती उरली नाही. हा जुना.

पुढे जून २०२३ ला ठरलं की सहायक प्राध्यापक व्हायला नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. सेट तर याची आधीच झालेली! ती बातमी असलेलं पान त्याने गठ्ठ्याखाली दडवलं. पण त्याचे वडील, अप्पा, रोज छोट्या जाहिरातींपर्यंत पेपर वाचतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘म्हंजे भाव पडला का बे?’

‘तसं नाही, अप्पा. मुलाखतीला शेजारी दहा जण डॉक्टर असतात. त्यांच्यात मी नुसताच.’

हे मात्र खरं आहे. जी पदवी लागत नाही असं कागद म्हणतो, ती नसली तर खुर्ची मिळत नाही.

आता सहा वर्षांची मुदत सरली. मुदतवाढीचा अर्ज घेऊन तो अप्पांसमोर उभा राहिला. टायपिंग, झेरॉक्स, बायंडिंग, तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचं जेवण, अशी यादीही मागे जोडली होती. त्याच्या आजवरच्या लेखनातलं हे सर्वांत नेटकं प्रकरण.

‘सोडून दे की,’ अप्पा म्हणाले.

‘आता सोडलं तर आजवरचं सगळं पाण्यात.’

अप्पांनी उभा जन्म सुताच्या भावात काढलाय. हे त्यांना लगेच पटलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि पुढे सरकवल्या.

‘सरांना सांग, या खेपेला टॉवेल.’